दहाव्या चौकटीतली खूण

कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात एक कार्ड मिळायचं. त्यावर चौदा चौकटी असायच्या, सात वर, सात खाली. रोज एक इंजेक्शन, बेंबीच्या आजूबाजूला, पोटाच्या कातडीखाली. दिलं की त्या दिवसाच्या चौकटीत निळ्या शाईची खूण. पूर्ण भरलेलं कार्ड बघून मला किती बरं वाटायचं हे सांगायची आज लाज वाटते. माझे वडील वैजापूरच्या तहसील कचेरीत कारकून. त्यांच्या वडिलांनी भिक्षुकी सोडून हीच नोकरी धरलेली. आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान रजिस्टराला. एखादा रकाना रिकामा राहिला तर वडिलांना जेवण जायचं नाही. ते सगळं माझ्यात पुरेपूर उतरलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली मी औरंगाबादच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. शहराचं नाव आता बदललंय, पण मी जे केलं ते औरंगाबादेत केलं, म्हणून तेच लिहितो. वय चोवीस. फार्मसीची पदविका खिशात आणि अक्कल सगळ्या जगाला वाटून उरेल इतकी.

इंजेक्शनच्या खोलीचा कारभार एका सिस्टरकडे होता. चाळिशीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. रोग्यानं बाकावर आडवं होऊन सदरा वर केला की सुई उचलण्याआधी त्या तीन प्रश्न विचारायच्या. हातापायाला मुंग्या येतात का? पाय जड वाटतात का? लघवीला अडतंय का? रोज, प्रत्येकाला, चौदाच्या चौदा दिवस. रोगी कंटाळून "नाय, नाय, नाय" म्हणायचे. मला ती निव्वळ पोपटपंची वाटायची. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "सिस्टर, फळ्यावर लिहून ठेवा की, घसा तरी वाचेल."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे औषध मेंढीच्या मेंदूपासून करतात. त्यातला मेंदूचा अंश एखाद्याच्या अंगाला सोसत नाही. मग त्याच्या रक्तातल्या पेशी त्याच्याच मेंदूवर उठतात. सुरुवात मुंग्यांनी होते. त्या दिवशी थांबायचं, डॉक्टरांना बोलवायचं. म्हणून विचारते."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची समजूत घालताना पुष्कळदा म्हटलंय की मला माहीत नव्हतं.

तो माणूस मूळचा पिशोरचा, मेंढरं वळणारा. पस्तिशीचा असेल. त्या पावसाळ्यात त्याचा कळप हर्सूल तलावाच्या पलीकडच्या माळावर बसला होता. सोबत बायको. एक अनोळखी कुत्रं कळपात शिरलं, दोन मेंढ्यांना चावलं, आणि काठी घेऊन धावलेल्या ह्याच्या पोटरीत दात रोवून पळून गेलं. पुन्हा दिसलंच नाही. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "साहेब, एक दिवसाआड आलं तर चालंल का? कळप हालवाया लागतो."

मी त्याला पिसाळलेल्या माणसाचं मरण अगदी रंगवून सांगितलं. पाणी बघितलं की घसा आवळतो, वारा सोसत नाही, माणूस खाटेला बांधावा लागतो. शेवटी म्हणालो, "एक दिवस चुकलास तर पिसाळून मरशील. बायकोच्या अंगावर धावून जाशील." तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्याचा चेहरा पांढरा पडला. दारात उभी असलेली त्याची बायको पदर तोंडाशी धरून रडायला लागली. मला वाटलं, बरं झालं, आता कार्ड पूर्ण होणार.

तो रोज आला. पहिली आठ इंजेक्शनं सिस्टरनी दिली, आठ दिवस तीन-तीन प्रश्न विचारून. आठव्या दिवसापर्यंत त्याची उत्तरं "नाय" अशीच होती.

मग विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात संचारबंदी लागली. आमच्या गल्लीत ओट्यावर बसून माणसं जे बोलत होती ते मी ऐकत होतो. मी स्वतः काही बोललो नाही, ही माझी फुशारकी बरीच वर्षं टिकली. खरं असं की मी मान डोलावत होतो. सिस्टर ज्या दलित वस्तीत राहायच्या तिथं दगडफेक झाली होती, आणि त्या वस्तीतून बाहेर पडणं त्यांच्यासारख्यांना धोक्याचं होतं. त्या पाच दिवस आल्या नाहीत. आमच्या डॉक्टरांना जखमींसाठी मोठ्या इस्पितळात बोलावून घेतलं. इंजेक्शनची खोली माझ्या ताब्यात आली.

संचारबंदी सकाळी दोन तास सैल व्हायची. तेवढ्यात तो हर्सूलहून चालत यायचा, तिथल्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं, मधल्या वाटांनी. पोलीस अडवायचे, तो कार्ड दाखवायचा. नववं इंजेक्शन मी दिलं. प्रश्न विचारले नाहीत. तेव्हा कुणी मला का म्हणून विचारलं असतं तर मी घाईचं कारण दिलं असतं. त्याच्या तळाशी दुसरं एक कारण होतं, तेही सांगतो. ते प्रश्न सिस्टरचे होते, आणि सिस्टर त्या वस्तीतल्या होत्या. त्यांनी घालून दिलेली रीत मी का पाळावी, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. त्या दिवसांत तर फारच होतं.

दहाव्या दिवशी तो बाकावर बसला, आडवा झाला नाही.

"डाक्टर, पायाला मुंग्या येऊ लागल्यात," तो म्हणाला. "पायात चप्पल हाय का नाय त्ये बी कळंना झालंय. कालपासनं."

मी औषध सिरिंजमध्ये ओढत होतो. मागे वळलोही नाही. "इतकं चालून आल्यावर मुंग्या नाही येणार तर काय? माझेही पाय बधिर होतील."

"आमी रोजच चालतो की, साहेब. ह्ये येगळंच हाय. लई येगळं."

"नको असेल तर नको घेऊ," मी म्हणालो. "पाच राहिलीत. उद्या पिसाळलास तर मला विचारायला येऊ नकोस."

त्यानं हातातल्या कार्डाकडे बघितलं. मग आडवा झाला आणि सदरा वर केला. मी इंजेक्शन दिलं. दहाव्या चौकटीत खूण केली. ती खूण कशी होती हे मला अजून दिसतं. नेहमीपेक्षा जरा मोठी होती, शेपूट पुढच्या चौकटीत गेलेली.

अकराव्या आणि बाराव्या दिवशी त्यानं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाराव्या दिवशी तो भिंतीला हात लावत आला. तेराव्या दिवशी त्याची एक चप्पल वाटेतच पायातून निसटून गेली होती आणि त्याला ते माझ्या खोलीत आल्यावर कळलं. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तेरावी खूण केली. एकच चौकट उरली होती. ह्या दंगलीतही आपण एक कार्ड पूर्ण करून दाखवतो, असा माझा थाट होता.

चौदाव्या दिवशी भाजीच्या टेम्पोतून त्याला आणलं. दोन्ही पाय मेलेले, अंगात ताप, जीभ जड, डोळे उघडे पण ओळख नाही. पोट लघवीनं तट्ट फुगलेलं. त्याच्या बायकोनं कमरेला खोचलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "येकच राह्यलंय वो," ती म्हणाली. "तेवढं द्या. चुकलं तर मरंल म्हणला व्हता ना तुमी."

सिस्टर त्याच सकाळी कामावर परत आल्या होत्या, डॉक्टरही. पायाची बोटं कशी हलतात ते बघायला सिस्टरनी त्याच्या तळपायावरून किल्लीचं टोक ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे बघितलं. "रोज विचारत होता ना तुम्ही?"

मी उत्तर देईपर्यंत डॉक्टर आत आले. त्यांनीही तेच विचारलं, जोरात.

"विचारत होतो, साहेब," मी म्हणालो. "त्यानं काहीच सांगितलं नाही."

माझा आवाज अगदी सरळ होता. खोटं बोलताना आवाज कापतो असं म्हणतात. माझा तसूभर कापला नाही. डॉक्टर त्याच्या बायकोकडे वळले आणि चिडून म्हणाले, "बाई, तोंड का नाही उघडलं ह्यानं? दोन दिवस आधी सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का?" ती बिचारी काय सांगणार? ती तर मेंढरांपाशी होती. सिस्टरनी केसपेपरवर लिहिलं, रुग्णाने तक्रार सांगितली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावायला बराच वेळ घेतला.

मोठ्या इस्पितळात त्याला एसीटीएचची इंजेक्शनं सुरू झाली. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिच्यातून निघणारा हा पदार्थ. औषधासाठी तो जनावरांच्या ग्रंथींतून काढत. म्हणजे एका जनावराच्या मेंदूनं त्याला आडवं केलं होतं आणि दुसऱ्या जनावराच्या डोक्यातलं थेंबभर काही त्याला उठवू बघत होतं. ते औषध थंड ठेवावं लागे. आमच्या दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात ते तिकडे पोचवायचं काम मी मागून घेतलं. डॉक्टरांना माझं कौतुक वाटलं. त्याच्या बायकोला तर मी देवमाणूस वाटायला लागलो. ती सेवा नव्हती, पाळत होती. त्याला आठवतंय का, हे बघायला मी रोज जात होतो.

त्याला आठवत नव्हतं. आजारानं ते शेवटचे दिवस पुसून टाकले होते. दोन-तीन आठवड्यांनी जीभ सुटली, उजव्या पायाची बोटं हलली, मग गुडघा. बायको पायाला तेल चोळत एकच विचारायची, "का नाय सांगितलंत वो? तवाच सांगायचं व्हतं." तो छताकडं बघत म्हणायचा, "सांगितलं आसंल गं... पर कायबी ध्यानात येत नाय." मग माझ्याकडं बघायचा, मी काहीतरी सांगीन म्हणून. मी बर्फाचा डबा उघडायचो.

घरी जाताना तो काठी टेकत गेला. डावा पाय ओढत. मला दोन्ही हात जोडून म्हणाला, "तुमी दम दिला नसता तर म्या मधीच सोडलं असतं, साहेब. पिसाळून मेलो असतो." मी म्हणालो, "काळजी घे." आणखी काय म्हणणार?

दोन-तीन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. चिकलठाण्याकडे एकामागून एक कारखाने उभे राहत होते. शेतातून डांबरी रस्ते गेले, ज्वारीच्या जागी शेड आल्या, शिफ्ट सुटली की सायकलींची रांग मावत नसे. मला एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात काम मिळालं, आणि नशीब बघा, माझ्या टेबलावर आलं ते एसीटीएच. गठ्ठ्यागठ्ठ्यानं कुप्या. प्रत्येक कुपी उजेडापुढे धरायची, कण दिसतो का बघायचं, रजिस्टरात नोंद करायची. नोंदी मी अजूनही सुरेख करत होतो.

कारखान्याला छोटंसं वाचनालय होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक कॅरम खेळायचे, मी नियतकालिकं चाळायचो. माझं वेड असं की त्याच्या अंगात त्या तेरा दिवसांत नेमकं काय झालं ते मला पेशीगणिक कळायला हवं होतं. तेव्हा एक नवाच विषय पुढे येत होता. चेतापेशी एकमेकींशी बोलताना प्रथिनांचे बारीक तुकडे सोडतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. हे बोलणं मेंदूच्या घरातलं, असं आधी सगळे धरून चालले होते. मग दिसायला लागलं की रक्तातल्या, अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही हे तुकडे येऊन बसायला जागा असते. म्हणजे मेंदू त्यांच्याशीही बोलतो. सबस्टन्स पी नावाचा एक तुकडा दुखण्याची वर्दी देतो आणि जाता जाता त्या पेशींना चेतवतो, सूज वाढवतो. दुसरा आधी आतड्यात सापडलेला. त्याच्या लांबलचक नावाचं इंग्रजी आखूड रूप व्हीआयपी असं होतं आणि आमचे लोक त्यावर हमखास हसायचे. तो पेशींना आवरतो, पुढे बऱ्याच वर्षांनी हे अधिक पक्कं झालं. आमचं एसीटीएचही त्याच भावकीतलं. ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला कॉर्टिसॉल सोडायला लावतं आणि कॉर्टिसॉलनं चवताळलेल्या पेशी खाली बसतात. प्रयोगशाळेत उंदरांना आणि गिनीपिगांना मेंदूचा अंश टोचून हाच आजार मुद्दाम आणतात आणि ह्या पदार्थांनी तो लांबतो का, हलका होतो का ते बघतात. नोंद काय करायची, तर मागचे पाय कोणत्या दिवशी लुळे पडले. ते वाचताना माझा डबा तसाच राहिला.

भीतीबद्दलचं जे जे हाती लागेल ते मी वाचत सुटलो. मी त्याला घाबरवलं होतं. घाबरलेला मेंदू हेच पदार्थ सोडतो. मग माझ्या दमदाटीनं त्याच्या पेशी चवताळल्या का? उत्तर सरळ मिळेना. थोड्या वेळची भीती कॉर्टिसॉल वाढवते, म्हणजे पेशींना उलट दाबते. भीती दिवसचे दिवस टिकली तर पेशी त्या हुकमाला जुमानत नाहीत, असंही कुणी म्हणत होतं. एका माणसाच्या बाबतीत छातीठोक सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. मी कधी ह्या वाक्यानं स्वतःला फासावर चढवायचो, कधी त्या वाक्यानं सोडून द्यायचो.

एकदा मुख्य कार्यालयातून एक जाणकार गृहस्थ आम्हाला शिकवायला आले होते. चहाच्या वेळी त्यांना गाठून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्याला नऊ टोचून झाल्यावर थांबवलं असतं, तर आजार टळला असता का?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. काहींना तेवढ्यानंही होतो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, मेंदूनं पेशींना कसं आवरलं तेही वेगळं." मला इतका आनंद झाला की संध्याकाळी घरी जाताना मी अर्धा किलो इम्रती घेतली. बायकोनं विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, वाटलं म्हणून." तीन खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या गृहस्थांना मी अर्धाच प्रश्न विचारला होता. नऊ टोचली हे सांगितलं. दहाव्याच्या वेळी तो माणूस काय म्हणाला, हे गाळलं. न्यूरोपेप्टाइडांच्या त्या सगळ्या वाचनाचा उपयोग मी दडी मारण्यासाठी करत होतो. त्याच्या पेशींनी काय केलं ह्याचा छडा मी लावत बसलो होतो, आणि मी काय केलं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीत, चौऱ्याण्णव साली, मी स्कूटरवरून विद्यापीठाच्या कमानीकडे गेलो. का गेलो, नीट सांगता येत नाही. गर्दी होती, गुलाल होता, म्हाताऱ्या बायका कमानीला हात लावून रडत होत्या. मी कडेला उभा होतो. एका पांढऱ्या लुगड्यातल्या बाईनं माझ्या खांद्यावर थाप मारली. सिस्टर होत्या. निवृत्त झालेल्या, थोड्या वाकलेल्या, आवाज मात्र तोच.

खुशाली विचारून झाली. मग त्या म्हणाल्या, "तो मेंढीवाला कसा आहे, काही कळलं का?"

मी म्हटलं, "नाही. संपर्क नाही."

"त्या दिवशी मला तुमचं खरं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी त्याला विचारलं होतं. त्याला त्या प्रश्नांचा अर्थ माहीत होता. पाय बधिर झाले आणि तो बोलला नाही, असं होणारच नाही. पण मी लिहिलं तेच, जे तुम्ही म्हणालात. त्या आठवड्यात माझं तुमच्याविरुद्ध कोणी ऐकलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं जसं किल्ली हातात असताना बघितलं होतं. "अजून सांगितलं नाही ना त्याला?" एवढं विचारून त्या गर्दीत गेल्या. मी घरी आलो तेव्हा माझ्या सदऱ्यावर त्यांच्या हाताचा गुलाल होता.

पुढच्या रविवारी मी पिशोरची एसटी धरली. घर शोधायला वेळ लागला नाही, तो गावात माहीत होता. अंगणात बाजेवर बसलेला, मिशी पिकलेली, काठी बाजेला टेकवलेली. मेंढरं कधीच भावकीत देऊन टाकली होती. कळपामागं दिवसभर चालणं त्या पायाला झेपेना. दारात तीन शेळ्या होत्या, तेवढंच. मला त्यानं चटकन ओळखलं. "अगं ए, चहा टाक," आत बघून ओरडला. "माझे परान वाचवणारे साहेब आल्यात."

आतून बायकोचा आवाज आला, "कंपोंडर साहेब का? बसा, बसा. भाकर खाऊनच जावा." तिथून चुलीचा धूर आणि भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.

तो बोलत होता. गावात कुणाला कुत्रं चावलं की लोक त्याच्याकडं आणतात म्हणे. तो त्यांना दवाखान्यात धाडतो. "त्यांला म्या येकच सांगतो," तो म्हणाला, "पायाला मुंग्या आल्या की तवाच्या तवा डाक्टरला सांगा. माझ्यासारखं येड्यावानी तोंड बांधून बसू नका. म्या बोललो असतो तर हा पाय गेला नसता." मग हसून आत मान वळवली. "घरातलं बी त्येच म्हणतं. भांडण झालं की पयलं त्येच काढती. तवा तोंड उघडाया काय झालं व्हतं, म्हणती. खरंच हाय तिचं."

मी उलटसुलट बोलायला लागलो. मेंदू कसे पदार्थ सोडतो, पेशी कशा चवताळतात, आपलीच राखण आपल्यावर कशी उलटते, कुणाची प्रकृती कशी. त्यानं सगळं मन लावून ऐकलं. म्हणाला, "म्हंजे मेंदू रक्ताला सांगावा धाडतो. आन् सांगावा पोचला तर रगत शांत ऱ्हातं. व्हय?"

"हो," मी म्हटलं. चहा आला नव्हता, शेळी खुंटीभोवती फिरत होती. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हटलं होतं.

"काय?"

"दहाव्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. मुंग्या येतात म्हणून. मी ऐकलं नाही. तुम्हाला दम दिला, आणि इंजेक्शन दिलं. पुढची तीनही दिली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं की तुम्ही काही बोलला नाहीत. चूक सगळी माझी होती. तुम्ही गप्प बसला नव्हतात."

मी शिव्यांची वाट बघत होतो. काठी उचलून मारली असती तरी मी हललो नसतो. पण तो कुठल्या तरी वेगळ्याच गोष्टीला हात घालत होता. कपाळ आक्रसून, हळू आवाजात म्हणाला, "चप्पल... पायात चप्पल हाय का नाय कळंना, असं म्हणलो व्हतो का?"

हे शब्द मी त्याला सांगितले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच म्हणाला होतात."

त्याचे डोळे भरले. तो काठी धरून उठला, पाय ओढत दारापर्यंत गेला आणि आत हाक मारली, "अगं, भायेर ये आधी. ऱ्हाऊ दे भाकर." ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "हे काय म्हणत्यात ऐक," तो म्हणाला. "सांगा साहेब. मला सांगितलं तसंच हिला सांगा."

मी उभा राहिलो आणि तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. दहावं इंजेक्शन, माझा दम, माझं खोटं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. संपल्यावर ती माझ्याकडं वळलीही नाही. उंबऱ्यावर बसली आणि नवऱ्याकडं बघत म्हणाली, "आवं, इतकी वर्सं मी तुमाला बोल लावला. तुमी येकदा बी छातीवर हात ठेवून का नाय म्हणलात, का म्या सांगितलं व्हतं म्हणून?"

"कसं म्हणू?" तो म्हणाला. "समदेच नाय म्हणत व्हते. मलाच माझं खरं वाटंना झालं व्हतं."